पाच लिटरचा डबा

१

शेकडाकाकू कोठीच्या खोलीत मरून पडलेल्या सापडल्या, तेव्हा त्यांच्या दाराबाहेर किराण्याची भरलेली पिशवी उभी होती.

गुरुवारची संध्याकाळ, सहाला दहा मिनिटं कमी. समोरच्या घरात तराजूबाई चहा टाकत होत्या, तेवढ्यात काकूंच्या सुनेची किंकाळी आली. गॅस बंद करायचं भान बाईंना राहिलं, चपला घालायचं राहिलं नाही. अनवाणीच रस्ता ओलांडून त्या आत गेल्या. स्वयंपाकघराच्या मागे तीन पायऱ्या उतरून कोठी होती. खाली काकू कुशीवर पडल्या होत्या. डोक्याखाली रक्त होतं आणि चष्मा हातभर लांब उडाला होता. सून शेवटच्या पायरीवर बसून त्यांचा हात चोळत होती. "मावशी, हात गार लागतोय हो," एवढंच ती पुन्हापुन्हा म्हणत होती.

बाई आणि काकू, दोघींची नावं गल्लीनं ठेवलेली. तराजूबाई वजनमापे खात्यातून निवृत्त झाल्या होत्या. तीस वर्षं दुकानदारांचे काटे तपासून त्यांनी भल्याभल्यांच्या तोंडचं पाणी पळवलं होतं. काकूंचा खाक्या वेगळा. पुडा कितीला, असं त्या कधी विचारत नसत. शंभर ग्रॅमला किती पडतं, ते काढत. त्यावरून शेकडाकाकू. दर मंगळवारी या दोघी वह्या घेऊन कोपऱ्यावरच्या मोठ्या दुकानात जायच्या आणि एकेका वस्तूचा हिशेब मांडायच्या. जिचं गणित चुकेल तिनं कॉफी पाजायची. दुकानातली माणसं त्यांना लांबून पाहूनच दुसऱ्या रांगेत सटकत. गेली अकरा वर्षं हा मंगळवार चुकला नव्हता. आता तो पुन्हा येणार नव्हता, आणि हे कळल्यावर बाई तिथंच पायरीवर बसून ढसाढसा रडल्या.

पोलिसांना वाट द्यायला त्या बाहेर आल्या, तेव्हा पिशवी अजून तिथंच होती. तिच्यातून तेलाच्या पाच लिटरच्या डब्याची पिवळी मूठ वर आली होती. बाईंच्या मनात पाल चुकचुकली. कशाबद्दल, ते मात्र रडण्याच्या भरात त्यांना उमगलं नाही.

२

शुक्रवारी सकाळी इन्स्पेक्टर स्वतःच बाईंकडे आला. तरुणपणी तो त्यांच्या धाडींना बंदोबस्ताला असायचा, त्यामुळे अजूनही "मॅडम" म्हणायचा आणि खुर्चीच्या कडेवरच बसायचा.

"मॅडम, प्रकरण सरळ आहे," तो म्हणाला. "डॉक्टर वरवर पाहून म्हणाले, दोन ते सहाच्या मधलं काहीतरी. पूर्ण अहवाल उद्या येईल. पण आपल्याला त्याची गरज नाही. काकूंनी चार चाळीसला फोनवरून किराणा मागवलाय. म्हणजे चार चाळीसला त्या ठणठणीत होत्या."

"बरं, मग?"

"मग घरात कोण होतं? मुलगा कचेरीत, चार ते सहा बैठकीला, अकरा जण साक्षीदार. काकूंचा धाकटा भाऊ, ते मागच्या खोलीतले मामा, चारपासून वाचनालयात. ग्रंथपालांशी भांडत बसले होते, म्हणून सगळ्यांच्या लक्षात आहेत. उरली सून. दातांच्या दवाखान्यात कामाला आहे. रोज सातला येते, पण काल साडेचारला निघाली आणि पाचला घरी आली. म्हणे डोकं दुखत होतं, गोळी घेऊन वर झोपले, साडेपाचला बेल वाजली तशी जाग आली, थोड्या वेळानं खाली उतरले. आणि काल सकाळीच सासूसुनेचं कडाक्याचं वाजलंय. अख्ख्या गल्लीनं ऐकलं."

"मीही ऐकलं. त्या दोघींचं आठवड्यातून दोनदा वाजायचं. त्याशिवाय त्यांना करमत नसे."

"काकूंच्या दंडावर ओढाताणीचा वळ आहे, मॅडम. त्या आपोआप पडल्या नाहीत. आज तीनला मी सुनेला ताब्यात घेतोय."

बाईंना ती मुलगी लग्न होऊन आली तेव्हापासून माहीत होती. झुरळ मारायलासुद्धा ती त्यांना हाक मारायची. "काल काकूनं काय काय मागवलं होतं?" त्यांनी विचारलं.

इन्स्पेक्टरनं कागद पुढे केला. तीनच ओळी होत्या. तेल, पाच लिटरचा डबा, सातशे पस्तीस. चहा, फॅमिली पॅक, चारशे एक्केचाळीस. कपड्यांचा साबणचुरा, चार किलो, चारशे साठ.

बाईंनी चष्मा पुसला, आपली वही आणली, मंगळवारचं पान उघडलं. त्या पानाकडे आणि कागदाकडे त्या आळीपाळीनं इतका वेळ पाहत राहिल्या की इन्स्पेक्टर चुळबुळायला लागला.

"ही यादी तिनं केलेलीच नाही," बाई म्हणाल्या.

३

"अहो, खातं त्यांचंच आहे!"

"असेल. तू हे बघ. एक लिटरची तेलाची पिशवी एकशे चाळीस. पाच पिशव्या सातशेला. डबा सातशे पस्तीस. म्हणजे लिटरमागे सात जास्त. वर पिवळी पाटी लावलीय, महाबचत! चहाचा पावकिलोचा पुडा एकशे वीस, शंभर ग्रॅमला अठ्ठेचाळीस. फॅमिली पॅक दिसतो किलोचा, पण गेल्या महिन्यापासून आत नऊशेच ग्रॅम भरतात. शंभर ग्रॅमला एकोणपन्नास. आणि साबणचुरा सुटा किलो एकशे दहा, चार किलोचा पुडा घेतला तर किलोमागे एकशे पंधरा. या आठवड्यात या तिन्ही वस्तूंत मोठं ते महाग आहे. मंगळवारी आम्ही दोघींनी मिळून हे काढलं. बिचारी डब्यासमोर उभी राहून पाटीला शिव्या देत होती."

इन्स्पेक्टरनं गणित मनातल्या मनात करून पाहिलं. ते बरोबर आलं, तरी त्याचं समाधान झालं नाही. "मॅडम, पस्तिसाच्या फरकावर मी खुनाचा तपास फिरवू? माणूस घाईत असतो. एखाद्या दिवशी म्हणतो, मरू दे, डबा तर डबा."

"माणूस म्हणत असेल. ती म्हणत नसे. नवऱ्याच्या आजारपणात दवाखान्याच्या बाकावर बसून तिनं दोन कंपन्यांच्या कापसाचा भाव ग्रॅमवर काढला होता. मी शेजारी बसले होते."

इन्स्पेक्टर हसला नाही. घड्याळाकडे पाहून म्हणाला, "तीनपर्यंत वेळ आहे तुमच्याकडे. त्यानंतर माझ्याही हातात राहणार नाही."

४

सून स्वयंपाकघरात ओट्याला टेकून उभी होती. दाराशी महिला पोलीस बसलेली. सुनेच्या डोळ्यांतलं पाणी आटून गेलं होतं.

"मावशी, मला नेणार का हो?"

"मी विचारते त्याचं नीट उत्तर दे. काल सकाळी कशावरून वाजलं?"

"साबणावरून." ती कसनुशी हसली. "बुधवारी येताना चार किलोचा पुडा घेऊन आले. मला वाटलं, मोठं आणलं म्हणून शाबासकी देतील. तर सकाळी वही घेऊनच उभ्या. किलोमागे पाच घालवलेस, म्हणाल्या. मीही वैतागले होते. म्हटलं, पाच-पाच वाचवून तुम्ही काय सोन्याचा जिना बांधणार आहात? असं बोलले मी त्यांना. शेवटचं बोलणं तेच झालं."

बाई तीन पायऱ्या उतरून कोठीत गेल्या. खालच्या फळीवर साबणचुऱ्याचा चार किलोचा पुडा होता, अजून न फोडलेला. सकाळी ज्या पुड्यावरून घर डोक्यावर घेतलं, तोच पुडा संध्याकाळी पुन्हा मागवायचा? ज्यानं कोणी मागवला त्याला भांडण कशावरून झालं हेही ठाऊक नव्हतं, आणि कोठीत काय आहे तेही.

"ते किराण्याचं खातं कुणाकुणाच्या फोनवर आहे गं?" त्यांनी वर येऊन विचारलं.

"चौघांच्याही. खातं एकच, आईंच्या नावाचं. म्हणून तर चोरून काही मागवता यायचं नाही. मामांनी एकदा बिस्किटं मागवली तर आईंनी पुडा दारातच पकडला." तिचा चेहरा बदलला. "मावशी, कालचं आईंनी नाही मागवलं का?"

बाई तशाच मागच्या खोलीत गेल्या. मामा खाटेवर बसून मोज्यात पाय घालत होते आणि मोजा सापडत असूनही पाय सापडत नव्हता, इतके ते हबकले होते. दुपारी ते रेडिओ मोठ्यानं लावून झोपले होते, पावणेचारला उठून वाचनालयात गेले. काही ऐकलं नाही. बहीण कुठं आहे हेही पाहिलं नाही, आणि तेच त्यांना आता खात होतं.

"मामा, तेल कोणतं आणायची हो ती?" बाईंनी सहज विचारल्यासारखं केलं.

"पिशव्या! पाच पिशव्या, त्या बुळबुळीत. ओझं कोण वाहणार, तर मी. एकदा म्हटलं, ताई, डबा घे, त्याला धरायला मूठ तरी असते. तर म्हणते, मुठीचे पैसे मी का देऊ?" मामांनी हातातला मोजा चुरगळला. "आता वाटतं, आयुष्यभर वाहिल्या असत्या मी पिशव्या."

बाईंनी त्यांचा मोजा सरळ करून दिला. डबा मागवणारं माणूस हे नव्हतं. मग राहिलं एकच माणूस. त्या माणसाला त्यांनी कडेवर घेऊन फिरवलं होतं.

५

मुलगा वरच्या खोलीत खिडकीशी बसला होता. विमा कंपनीत मोठ्या हुद्द्यावर, अंगावर कालचाच शर्ट. बाईंना पाहून तो लहान मुलासारखा रडायला लागला. बाईंनी त्याच्या पाठीवरून हात फिरवला. ते रडणं खोटं नव्हतं, आणि म्हणूनच त्यांना जास्त भीती वाटली.

"बायकोला नेतायत तुझ्या. माहीत आहे ना?"

"मावशी, मी काय बोलू? पोलीस म्हणतात… दोघींचं पटत नव्हतं, हे खरंच आहे."

एवढंच. ती तशी नाही, असं तो म्हणाला नाही. बाईंनी वाट पाहिली. तरीही म्हणाला नाही.

"कालचा किराणा तू तर नाही ना मागवलास तिच्यासाठी?"

"मी? छे. आईनंच मागवला. पोलिसांनाही मी तेच सांगितलं."

"मलाही तेच वाटलं. पण तेलाचा डबा कसा काय घेतला तिनं?"

"का? आई काटकसरी होती की." तो डोळे पुसत म्हणाला. "लहानपणापासून ऐकतोय मी. मोठं घे, मोठं स्वस्त पडतं. दुकानात न्यायची तेव्हा मला तेच शिकवायची."

खरं होतं ते. तीस वर्षांपूर्वी मोठं स्वस्तच पडायचं, आणि त्या काळात घरात सात माणसं जेवत होती. आई शिकवत होती ते याला पाठ होतं. पुढे दुकानं बदलली, पुडे बदलले, आई रोज नव्यानं गणित मांडत राहिली, आणि मुलगा तिच्याबरोबर पुन्हा कधी दुकानात गेलाच नाही. एकाच घरात राहून त्याला आपली आई तीस वर्षं जुनी माहीत होती.

खाली गाडी थांबल्याचा आवाज आला. पावणेतीन वाजले होते.

६

"बसा सगळे," बाई म्हणाल्या. इन्स्पेक्टर, सून, मामा, मुलगा, सगळे स्वयंपाकघरातल्या टेबलाभोवती बसले. बाईंचा आवाज नेहमीसारखा करडा होता.

"काकूनं हे सामान मागवणं शक्य नाही. तिन्ही वस्तूंत महाग ते घेतलंय, आणि त्यातला साबण घरात आधीच आहे. सकाळी त्याच्यावरूनच भांडण झालं. मग दुसऱ्या कुणी तरी तिच्या नावानं मागवलं. आणि तिघांपैकी एकानंही सांगितलेलं नाही, की मी मागवलं. का लपवावं? किराणा मागवणं हा काही गुन्हा नाही. लपवायचं कारण एकच. चार चाळीसला काकू हिंडतीफिरती होती, असं दिसायला हवं होतं. म्हणजे ती त्याआधीच पडलेली होती."

सुनेनं तोंडावर हात धरला.

"आता सांग," बाई इन्स्पेक्टरकडे वळल्या, "ही खोटी वेळ कुणाच्या उपयोगाची? हिच्या? त्याच वेळेनं तर ही अडकलीय. साडेचारपर्यंत ही दवाखान्यात लोकांसमोर होती. काकू आधी पडली असेल तर ही सुटते. सुटका करणारी वेळ पुसून अडकवणारी वेळ कोण लिहून ठेवेल? उरले दोघे, चारनंतर ज्यांना साक्षीदार आहेत. मामा आणि हा."

"ताईची शप्पथ—" मामा उठायला लागले.

"बसा हो. तुम्ही मागवलं असतं तर पिशव्या मागवल्या असत्यात. तुमच्या हातांना विसर पडला नसता. डबा त्यानंच मागवला, ज्याला ती काटकसरी आहे एवढंच माहीत होतं, आणि काटकसर कशी करते ते माहीत नव्हतं." बाईंनी वही मिटली. पुढचं वाक्य त्यांना कागदावर न बघता बोलावं लागलं. "ती मोठंच घ्यायची, असं मला आत्ता एकाच माणसानं सांगितलं."

कुणी मुलाकडे पाहिलं नाही. सुनेनं मात्र पाहिलं. इन्स्पेक्टर बाहेर जाऊन फोनवर बोलला. दुकानाच्या कचेरीतून उत्तर यायला वीस मिनिटं लागली. मागणी काकूंच्या फोनवरून आलेली नव्हती. मुलाच्या फोनवरून आली होती.

"मी ढकललं नाही, मावशी," मुलगा म्हणाला. "जेवायच्या सुट्टीत आलो होतो. घर विकायच्या कागदावर सही हवी होती. ती कोठीत निघाली होती, मी दंडाला धरून थांबवलं. तिनं हात ओढला, मी ओढला, आणि… ती हललीच नाही नंतर. मला वाटलं, गेली. मी घाबरून निघून गेलो. बैठकीत बसलो तेव्हा सुचलं. टेबलाखाली फोन धरून मागवलं." तो बायकोकडे वळला. "तू लवकर येशील हे मला माहीत नव्हतं. खरंच माहीत नव्हतं."

"काल माहीत नव्हतं," सून म्हणाली. "आज सकाळपासून तर माहीत होतं ना?"

इन्स्पेक्टरनं त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

७

शनिवारी दुपारी इन्स्पेक्टर डॉक्टरांच्या अहवालाची नक्कल घेऊन बाईंकडे आला. या वेळी तो बसला नाही.

"तुमचं गणित बरोबर निघालं, मॅडम. त्या पडल्या अडीचच्या सुमारास. पण लगेच गेल्या नाहीत. आतल्या आत रक्तस्राव होत राहिला." त्यानं कागद टेबलावर ठेवला. "वेळेवर कुणी उचलून नेलं असतं तर… पण आता त्याचं काय."

तो गेल्यावर बाईंनी अहवाल वाचला. मृत्यूची वेळ, चार ते साडेपाच. त्यांनी चष्मा काढून पुन्हा वाचला. ज्या फोनवर त्यानं तेलाचा डबा शोधला त्याच फोनवरून डॉक्टरांना बोलावता आलं असतं, आणि त्या वेळी कदाचित ती अजून श्वास घेत होती. खात्यात असताना लबाडीची सगळी रूपं पाहिलीत, असं त्यांना आजवर वाटत आलं होतं.

दार ढकलून सून आत आली. दोन दिवसांत ती दहा वर्षांनी थकली होती. इन्स्पेक्टरची गाडी जाताना तिनं पाहिली असावी.

"अहवाल आला ना?" ती उभ्याउभ्याच म्हणाली. "मामांना कुणीतरी सांगितलं, आई लगेच गेल्या नाहीत म्हणून. मावशी, मी पाचला घरी आले. कोठीचं दार उघडं दिसलं मला. नेहमी बंद असतं ना ते. म्हटलं, नंतर लावू, आणि सरळ वर जाऊन झोपले. त्या खाली होत्या आणि मी वर झोपले." तिनं खुर्चीची पाठ घट्ट धरली. "मी आले तेव्हा आई होत्या का हो?"

बाईंनी तिच्याकडे पाहिलं. अर्ध्या ग्रॅमच्या खोट्यासाठी त्यांनी दुकानांना टाळं ठोकलं होतं. दुकान चालवणाऱ्या सख्ख्या दिरालाही त्यांनी सोडलं नव्हतं.

"नाही," त्या म्हणाल्या. "चारलाच गेली होती. बरोब्बर चारला. डॉक्टरांनी लिहून दिलंय."

"तुम्ही स्वतः वाचलंत?"

"दोनदा वाचलं."

सून मटकन खाली बसली आणि त्यांच्या मांडीवर डोकं ठेवून मोठ्यानं रडायला लागली. शुक्रवारपासून ती रडलीच नव्हती. बाई एका हातानं तिला थोपटत राहिल्या, आणि दुसऱ्या हातानं त्यांनी अहवालाची बारीक घडी करून ती मुठीत मिटली.